रेयांश: एका नावाची चौकशी

माझ्या धाकट्या भावाला 2024 च्या पावसाळ्यात मुलगा झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. बारशाला तीन आठवडे होते तेव्हा भावजयीनं मोबाइलवर आमंत्रणाचा नमुना पाठवला. वर पाळणा, कडेला मोरपीस, मधोमध सोनेरी अक्षरांत 'रेयांश' आणि त्याखाली बारीक टाइपात 'श्रीविष्णूचा अंश, प्रकाशाचा पहिला किरण'. सोबत तिचा निरोप: "ताई, छापायला टाकायचंय. शुद्धलेखन तेवढं नजरेखालून घाला."

शुद्धलेखनात चूक नव्हती. मी अडले ती त्या बारीक टाइपातल्या ओळीवर. मी शाळेत संस्कृत शिकवते. 'अंश' माझ्या रोजच्या ओळखीचा. पण त्याच्या अलीकडचा 'रेय' मला इतक्या वर्षांत कुठल्या पाठात, सुभाषितात किंवा स्तोत्रात भेटला नव्हता. आता एखादा शब्द आपल्याला माहीत नाही म्हणून तो नसतोच असं नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर मी कोश काढून बसले. पुढच्या तीन आठवड्यांत घरात जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न आता दर दुसऱ्या बारशाला उभा राहतो आणि बहुतेक वेळा एकतर हसण्यावारी नेला जातो, नाहीतर त्यावरून मनं दुखावतात.

'रे' वरून नाव

बाळाचा जन्म स्वाती नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर झाला. स्वातीच्या चार चरणांची अक्षरं रू, रे, रो, ता. तेव्हा गुरुजींनी पत्रिकेत लिहून दिलं, नाव 'रे' वरून. मुलगी असती तर अडचण नव्हती. रेवती, रेणुका, रेखा, रेवा, हात घालावा तिथं नाव. मुलग्यांच्या बाजूला मात्र सामसूम. रेवणसिद्ध आणि रेवण यापलीकडे घरात कुणाला काही सुचेना. मग दोघं नवरा-बायको रात्री बाळ झोपल्यावर मोबाइलवर यादी शोधायला बसले आणि पहिल्याच यादीत हे नाव अर्थासकट तयार मिळालं.

जुन्या पद्धतीत एका बाळाला चार नावं ठेवतात: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथं व्यवहारातलं. चरणाचं अक्षर लागू आहे ते फक्त नक्षत्रनावाला. पत्रिकेतलं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, अशी माणसं आमच्या आजोबांच्या पिढीत घरोघर होती. अलीकडे आपण दोन्ही नावं एकच करून टाकली आणि नक्षत्राची अट व्यवहारनावावर येऊन पडली. त्यात दुसरी अट आली, की वर्गात, सोसायटीत, नात्यात दुसऱ्या कुणाचं हे नाव नको. तिसरी कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांच्या मनात असते: नाव नवं असलं तरी कानाला संस्कृत वाटलं पाहिजे. या तीन अटींच्या चिमटीत सापडलेले आईबाप जुन्या नावांपाशी थांबूच शकत नाहीत. शेवटी 'अंश' लावला की संस्कृत वाटण्याचं काम आपसूक होतं. देवांश, दिव्यांश, वेदांश, कियांश आणि आमचा रेयांश, सगळे एकाच साच्यातले.

कोशात काय सापडलं

'अंश' म्हणजे वाटा, भाग. मराठीत तो सगळीकडे आहे. अपूर्णांकात छेदाच्या वर बसलेला अंश, तापमानाचा अंश, 'पोरात आजोबांचा अंश आहे' मधला अंश. देव + अंश = देवांश, हा सवर्णदीर्घ संधी माझ्या आठवीच्या मुलीसुद्धा सोडवतात. त्याच हिशेबानं रेयांश फोडला तर हाती येतो 'रेय'. आणि 'रेय' हे ना विष्णूचं नाव, ना किरणाचं. विष्णुसहस्रनाम मला लहानपणापासून पाठ आहे. 'रविर्विरोचनः सूर्यः सविता रविलोचनः' या एका ओळीत सूर्याची नावं अशी ओळीनं येतात की म्हणताना उजाडल्यासारखं वाटतं. त्यात रेय नाही, मागंपुढंही नाही.

मग उलट बाजूनं आले. अर्थ 'सूर्याचा अंश' असा धरला तर मूळ रवि + अंश. अति + अंत = अत्यंत, तसं याचं 'रव्यंश' होईल. वेदात धनाला 'रयि' म्हणतात. रयि + अंश म्हणजे 'रय्यंश'. धनासाठीच दुसरा शब्द 'रै'; नै + अक = नायक या चालीवर रै + अंश = 'रायंश'. कुठल्याही वाटेनं गेले तरी रेयांशापाशी पोचता येईना.

राहिली ती समोर दिसत असलेली वाट. इंग्रजीत किरणाला 'रे' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून मागं जात लॅटिनच्या 'रेडियस' पर्यंत पोचतो. रेडियस म्हणजे काठी, चाकाचा आरा आणि किरणही. भूमितीत वर्तुळाच्या त्रिज्येला म्हणतात तो रेडियस हाच. यादीतला 'प्रकाशाचा किरण' इथून आलेला आहे. पण इथंही संस्कृतचा नियम लावला तर ने + अन = नयन, तसं रे + अंश = 'रयंश' व्हायला हवं. मग मधला 'या' कुणाचा? तो मला रोमन लिपीतल्या 'वाय' या अक्षराचा दिसतो. इंग्रजी 'रे'च्या शेवटी वाय आहे. ते ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. नाव आधी रोमन अक्षरांत जुळवलं गेलं आणि देवनागरीत उतरताना त्या मुक्या वायचा खणखणीत 'य' झाला. जिभेवर येण्याआधी कागदावर घडलेलं नाव आहे हे. नावं अशीही घडतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

दोन गोष्टी चौकशीत आणखी हाती लागल्या. मला त्या मुख्य उत्तरापेक्षा जास्त आवडल्या.

पहिली म्हणजे श्रेयांस. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. ऋषभदेवांना अक्षय्य तृतीयेला उसाचा रस देऊन पारणं घडवणाऱ्या हस्तिनापूरच्या राजपुत्राचं नावही श्रेयांस. हा 'श्रेयस्' या शब्दाच्या चालवण्यातला: श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः. म्हणजे अधिक चांगला, अधिक कल्याणाचा. शेवटचा 'स' दंत्य आहे आणि त्यात 'अंश' कुठंच नाही. पण लोकांनी कानाला सवयीचा म्हणून त्याचा 'श्रेयांश' केला आणि मग त्याचा अर्थही 'श्रेयाचा अंश' असा सांगू लागले. श्रेयांशातला सुरुवातीचा 'श्' काढून बघा, रेयांश उरतो. नवं नाव आपल्याला परकं वाटत नाही याचं एक कारण हे असावं, की तो नाद आधीच कानात होता.

दुसरी त्याहून जवळची. संस्कृतात किरणाला 'अंशु' म्हणतात. सगराचा नातू आणि भगीरथाचा आजोबा अंशुमान, किरणांचा धनी. अंश आणि अंशु यांत एका उकाराचं अंतर. ज्या किरणासाठी इंग्रजीतून 'रे' आणला तो किरण शेजारीच, एक उकार पलीकडे, उभा होता.

फोन

हे सगळं सापडल्यावर मला शहाणपणाचा आनंद झाला आणि तो मी आवरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. सगळे संधी सोडवून दाखवले आणि शेवटी म्हणाले, "खरं सांगू का, या नावाला काही अर्थच नाही गं."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग "बरं ताई" आणि फोन बंद.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. तो चिडला नव्हता, दमलेला होता. "ताई, तू सांगितलंस ते बरोबरच असणार. पण ती परवापासून धड बोलत नाहीये. बाळाला हाकसुद्धा मारत नाही. नुसतं 'बाळा, बाळा' करते."

हाक मारत नाही, हे मला लागलं. तीन आठवड्यांच्या बाळाची आई आपल्या मनातलं नाव गिळून बसली होती आणि ते मी केलं होतं. मी पुन्हा पुस्तकांकडे गेले. या वेळी रेयांश चूक आहे हे सिद्ध करायला गेले नाही. मी नक्की कशाला चूक म्हणते आहे ते मलाच ठरवायचं होतं.

डित्थ

मी ज्या परंपरेच्या जोरावर बोलले तिनं या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे आणि मी ते वर्गात शिकवलेलंही आहे.

पतंजलीचं महाभाष्य हा पाणिनीच्या व्याकरणावरचा ग्रंथ इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला. त्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, व्याकरण कशाला शिकायचं याची कारणं देताना, तो मुलाच्या नावाचा नियम उद्धृत करतो. दहावा दिवस उलटल्यावर नाव ठेवावं. त्याच्या आरंभी घोष म्हणजे ग, ज, द, ब, र असं घुमणारं व्यंजन असावं, मध्ये अंतस्थ म्हणजे य, र, ल, व यांपैकी काही असावं, पहिल्या स्वराला वृद्धी म्हणजे आ, ऐ, औ नसावी, बापाच्या वरच्या तीन पिढ्यांशी ते जुळावं, शत्रूच्या घरातलं नसावं आणि दोन किंवा चार अक्षरी असावं. मी मुद्दाम रेयांश या कसोटीला लावून पाहिला. र घोष आहे, मध्ये य आहे, 'ए'ला वृद्धी म्हणत नाहीत. नापास होतो तो फक्त अक्षरांच्या मोजणीत, कारण अक्षरं तीन. पण मग गणेश, महेश, सुरेश, दिनेश हेही सगळे तिथंच नापास. या नियमात नादाचे निकष आहेत, घडणीचे आहेत, घराण्याचे आहेत. नावाचा अर्थ काय असावा याबद्दल एक शब्द नाही.

त्याच महाभाष्यात पुढे शब्दांचे चार प्रकार येतात: जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि यदृच्छाशब्द. काव्यशास्त्रकार मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या ग्रंथात हाच उतारा घेतला, 'गौः शुक्लश्चलो डित्थः'. गौः म्हणजे गाय, ही जात. शुक्ल म्हणजे पांढरा, हा गुण. चल म्हणजे हलणारा, ही क्रिया. आणि डित्थ? डित्थ म्हणजे काहीच नाही. कुणीतरी कुणाचं तरी ठेवलेलं नाव. धातू नाही, प्रत्यय नाही, व्युत्पत्ती नाही. ठेवणाऱ्याच्या इच्छेनं ते त्या माणसाला चिकटलं, एवढाच त्याचा आधार. यदृच्छा, आपल्या इच्छेनं ठेवलेलं. असे शब्द मुळात मानायचे की नाही याचा वादही महाभाष्यात आहे, पण डित्थ काही हटला नाही. शेकडो वर्षं व्याकरणाच्या आणि काव्यशास्त्राच्या ग्रंथांत तो उदाहरण म्हणून वावरतो आहे. कुणी त्याला विष्णूचा अंश ठरवायला गेलं नाही.

नवं नाव घडवणं हा गुन्हा नाही, हे मला माझ्याच पुस्तकानं सांगितलं. दोन भाषा जोडणं तर मुळीच नाही. 1660 साली शाइस्ताखानाच्या फौजेपुढे चाकणचा किल्ला झुंजवणाऱ्या किल्लेदाराचं नाव फिरंगोजी नरसाळा. 'फिरंग' आला फारसीतून, त्याच्या मागं युरोपातले फ्रँक लोक, आणि पुढं आपला 'जी'. गुलाबराव, दौलतराव, साहेबराव, यांतला पहिला तुकडा फारसी-अरबी आणि 'राव' आपला. दीडदोनशे वर्षांनी रेयांशही कुणाला असाच घरचा वाटेल. इंग्रजी 'रे'ला नाक मुरडायचं तर आधी गुलाबरावांना घराबाहेर काढावं लागेल.

आणि अर्थ असला म्हणजे नाव चांगलं, हेही खरं नाही. धोंडू, दगडू, भिकाजी या नावांचा अर्थ लहान पोरही सांगेल. पण ती ठेवली जात ती आधीची मुलं दगावलेल्या घरात, मृत्यूची नजर चुकावी म्हणून. कोशातला अर्थ धोंडा, आईच्या मनातला अर्थ जगू दे. याउलट 'नकोशी'. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरात अशा 285 मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. त्या जुन्या नावाचा अर्थ कोशात शोधावाच लागत नव्हता, तो रोज हाकेतून अंगावर येत होता.

मग चूक कुठं होती? नावाखालच्या त्या बारीक टाइपातल्या ओळीत. नाव घडवलेलं होतं आणि अर्थ बनावट होता, या दोन गोष्टी मी फोनवर एकत्र कालवल्या. याद्या बनवणारे कुठल्याही नावाला 'संस्कृत मूळ' आणि एक गोडसा अर्थ चिकटवतात. 'आरव' म्हणजे शांत, असं सर्रास लिहिलेलं असतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गर्जना. ('आ' लागून 'रव' झाकत नाही हो.) 'कियान्' हे संस्कृतात खरोखर आहे, पण त्याचा अर्थ 'केवढा?'. फारसीत कियान हे प्राचीन राजघराण्याशी जोडलेलं वेगळंच नाव आहे. आणि याद्यांमध्ये त्याचा अर्थ 'देवाची कृपा' सापडतो. ज्याला जे नाव आवडलं त्यानं ते जरूर ठेवावं. पण मुलाला खोटी व्युत्पत्ती शिकवली, की ते पुढे शाळेत संस्कृतच्या तासाला ती अभिमानानं सांगतं आणि तिथं त्याचं तोंड पडतं. मी शिक्षिका म्हणून ते पडलेलं तोंड पाहिलेलं आहे.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. व्हॅनेसा हे इंग्रजी नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकानं घडवलं. एस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या आडनावातला 'व्हॅन' घेतला आणि एस्थरच्या लाडक्या रूपाचा 'एसा' जोडला. तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1726 मध्ये, ते नाव असलेली त्याची कविता छापली गेली. पुढं 1807 साली फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञानं फुलपाखरांच्या एका गटाला व्हॅनेसा हे नाव दिलं. आपल्याकडे माळावर फिरणारं नारिंगी-काळं पेंटेड लेडी फुलपाखरू त्याच गटातलं. आज नावांच्या याद्या उघडा: 'व्हॅनेसा, ग्रीक, अर्थ फुलपाखरू'. एका माणसानं एका बाईसाठी जोडलेली दोन अक्षरं पुसली गेली आणि तिथं कधीच नसलेला ग्रीक शब्द येऊन बसला. खोट्या अर्थानं नुकसान होतं ते हे. तो खऱ्या गोष्टीची जागा खातो.

हा विचार करताना माझ्या लक्षात आलं की रेयांशाची खरी गोष्ट काय, हे मी विचारलंच नव्हतं. मी कोशाला विचारलं, आईला नाही.

निळा प्रकाश

रविवारी मी गेले. भावजय बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी आधी क्षमा मागितली. मग विचारलं, "यादीत बाकीची नावं होती की. हेच का घेतलंस?"

ती बराच वेळ बाळाचं अंगडं सारखं करत राहिली. मग म्हणाली, "किरण लिहिलं होतं ना त्यात."

बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ झाली होती. नवजात बाळांना ती होते, आम्हाला माहीत होतं, आणि फोनवर भावानं 'काही विशेष नाही, लाइटखाली ठेवलंय' एवढंच सांगितलं होतं. त्या लाइटच्या उपचारात निळा प्रकाश वापरतात, साधारण 460 ते 490 नॅनोमीटर तरंगलांबीचा. कातडीतून आत गेलेला तो प्रकाश बिलिरुबिनच्या, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याच्या, रेणूचा आकारच पालटतो. मग ते पाण्यात विरघळण्याजोगं होऊन यकृतातल्या प्रक्रियेची वाट न बघता लघवीतून आणि पित्तातून बाहेर पडतं. हे मला नंतर समजलं. तिला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तिनं पाहिलं ते एवढंच, की आपलं मूल लंगोटावर, डोळ्यांना पट्टी बांधलेलं, काचेच्या पेटीत निळ्या उजेडात पडलंय आणि आपल्याला ते उचलून घेता येत नाही. फक्त पाजण्यापुरतं हातात द्यायचे.

"मी पेटीपाशी बसून त्या उजेडालाच सांगायचे, अजून थोडं, अजून थोडं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि यानं डोळे उघडून बघितलं. घरी आल्यावर यादीत ते 'प्रकाशाचा किरण' वाचलं. मला विष्णूचं काही नव्हतं, ताई. ते आपलं तिथं लिहिलेलं होतं म्हणून छापायला दिलं."

या नावाला अर्थ नाही, असं मी त्या बाईला फोनवर सांगितलं होतं.

ठरलं ते

नाव रेयांशच ठेवायचं, यावर पुन्हा चर्चा झाली नाही. आमंत्रणावरची ओळ तिनं स्वतः बदलली. विष्णू गेला, 'पहिला' गेला. राहिलं 'किरणाचा अंश'. मी सुचवलं की त्यातला 'रे' इंग्रजी आहे हे कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, लपवायचं नाही. ती म्हणाली, "लपवायचं काय त्यात? लाइटच होता तो."

पत्रिकेसाठी मात्र मी एक नाव काढून दिलं आणि ते सगळ्यांना आवडलं: रेवंत. विष्णुपुराणात सूर्याची पत्नी संज्ञा त्याचं तेज सोसवेना म्हणून घोडीच्या रूपानं वनात निघून जाते, सूर्य घोडा होऊन तिला गाठतो आणि त्यांना अश्विनीकुमार आणि रेवंत अशी मुलं होतात. म्हणजे 'रे' वरून सुरू होणारा सूर्याचा खरोखरचा मुलगा, पुराणात नोंदलेला. चरणाच्या अक्षराचं देणं तिथं फिटलं. भाऊ म्हणाला, आधी आठवला असता तर तेच नाव ठेवलं असतं. भावजय म्हणाली, नसतं ठेवलं.

कागदाचं काम राहिलं होतं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि ती रुग्णालयाकडून झालेली होती, पण नावाची जागा कोरी होती. तशी चालते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव मागाहून, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, घालता येतं. नाव सुचत नाही म्हणून घाईनं काहीतरी भरून मोकळे होणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे, म्हणजे त्यावर पडलेलं अक्षर जन्मभर सोबत येणार. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या पूर्ण नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. भावजयीनं अर्ज भरताना रेयांशाच्या शेजारी स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवून ते थोडा वेळ बघत बसली.

अडलं ते अनुस्वारापाशी. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं 'रेयान्श' असं टंकलं होतं, अर्धा न घालून. हिंदीच्या आणि इंग्रजीच्या वळणानं नाव तसंच ऐकू येतं आणि भावजयही तसंच म्हणते. आमची आई मात्र मराठी वळणानं म्हणते. आपण 'वंश', 'संशय' म्हणताना अनुस्वाराचा न करत नाही, तो नाकातल्या व सारखा वाजतो, वंव्श, संव्शय. आईच्या तोंडी ते नाव रेयांव्श असं, जरा घुमून येतं. दोन्ही उच्चार घरात राहतील आणि दोन्ही त्याला कळतील. पण मूळ शब्द अंश आहे आणि अंशावर टिंबच असतं, म्हणून अर्धा न काढून अनुस्वार घालून घेतला. या नावातला तेवढा एक तुकडा तरी पक्का संस्कृत आहे.

बारसं सव्वा महिन्यानं झालं. ताटात तांदूळ पसरून भावानं अंगठीनं चार नावं लिहिली, कुलदेवतेचं, महिन्याचं, रेवंत आणि शेवटी रेयांश. तांदळात अनुस्वार उमटेना, दाणे परत परत खोबणीत घसरत होते. शेवटी त्यानं तिथं एक लाल गुंज ठेवली. वरवंट्याला कुंची घालून झाली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरलं. मी पाळण्यावर वाकले, कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठीत बायकांचे धपाटे घेतले.

घुगऱ्या वाटताना शेजारच्या काकूंनी मलाच विचारलं, "रेयांश म्हणजे काय हो? तुम्ही संस्कृतवाल्या ना?" मी भावजयीकडे बोट केलं. तिनं काकूंना हाताला धरून पाळण्यापाशी नेलं आणि तिसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.